पिच्चर कधी लावणार? एका न बघितलेल्या माहितीपटाचं प्रकरण

गोष्ट अशी की आम्ही चौघांनी नाशिकमधे बसून एक माहितीपट केला, एकतीस मिनिटांचा, विषय काय तर फिल्म फेस्टिवल आणि त्यांच्या पेपरात येणाऱ्या बातम्या, दोघांची मिळून टिंगल. मग त्याच माहितीपटाला एका फेस्टिवलने तो न बघता पहिला नंबर दिला, पेपरने तो न बघता बातमी छापली आणि एका मंडळाने तो न बघता आमचा सत्कार केला. हे सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात वा, म्हणजे तुमचं म्हणणं खरंच ठरलं की. आधी मलाही तसंच वाटलं होतं. आता तेवढं सोपं वाटत नाही, आणि का ते सांगायचं तर सगळं पहिल्यापासून आकड्यांसकट सांगावं लागेल. आकडे माझ्याकडेच आहेत कारण मी दिवसा अंबडला एका कंपनीत डिस्पॅच बघतो आणि चौघांत एक्सेल येणारा मी एकटा.

माहितीपटाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. त्यात जे लोक दिसतात त्यांना अजून एकेक करून भेटायचंय.

चौघे म्हणजे एक वेडिंग शूटवाला, कॅमेरे ड्रोन लाइट सगळं त्याचं. एक एडिटर, जो त्याच्याकडेच लग्नाचे हायलाइट कापतो. एक माजी शहर बातमीदार, सध्या फ्लॅटच्या जाहिराती लिहितो आणि म्हणतो काम तेच आहे, पगार वेळेवर येतो एवढाच फरक. आणि मी.

आयडिया कुठून आली तर दोन वर्षांपूर्वी एडिटरची नऊ मिनिटांची शॉर्टफिल्म एका शॉर्टफिल्म महोत्सवात लागली होती, पाचशे रुपये प्रवेश फी भरून, आणि आम्ही सगळे सकाळी दहाला नटूनथटून पोचलो. साडेअकरापर्यंत प्रमुख पाहुणे नाहीत. मग पाहुणे आले, नटराजाला हार घातला, समई पेटेना कारण वर फॅन चालू आणि फॅन बंद केला तर पाहुण्यांना घाम, शेवटी एकाने फाइलने आडोसा धरला तेव्हा दीपप्रज्वलन झालं, त्यानंतर बावीस सत्कार (मी मोजले), मग "वेळेअभावी दोन शब्दांत" असं म्हणून पंचवीस मिनिटांचं भाषण. पहिला पिच्चर एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला आणि दीडला जेवणाची सुट्टी. आमच्या एडिटरची फिल्म जेवणानंतर लागली तेव्हा हॉलमधे सहा माणसं होती, त्यातले आम्हीच चार, उरलेल्या दोघांपैकी एक झोपलेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र "रसिकांचा उदंड प्रतिसाद".

घरी परतताना द्वारकेच्या सिग्नलला अडकलो असताना वेडिंगवाला म्हणाला, "भो, असा एक फेस्टिवल करू ना ज्यात सगळं असेल, फक्त पिच्चर नसेल. बघू कोणाला कळतं का."

म्हणजे आमचा माहितीपट पूर्ण खोटाही नाही आणि पूर्ण खराही नाही. मॉक्युमेंटरी म्हणतात त्याला, पण त्यात सहसा नट असतात. आमच्याकडे नट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आम्ही खरी माणसं बोलावली, आणि इथेच पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

जागा फुकट मिळाली त्याचं कारण पंचांग. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे जानेवारीत औरंगाबाद रोडवरचे लॉन्स ओस पडलेले असतात, वेडिंगवाल्याच्या ओळखीच्या एका मालकाने म्हणलं लाइटबिल द्या आणि काय करायचं ते करा. तारीख धरली, व्हॉट्सअॅपवर निमंत्रण सोडलं, "आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव, मान्यवरांचा सत्कार व अल्पोपहार". चित्रपटांची यादी निमंत्रणात नव्हती. एकानेही मागितली नाही. थंडी अशी की पेपरात रोज निफाडचा पारा येत होता, तरी सकाळी नऊपर्यंत त्रेसष्ट माणसं स्वेटर घालून हजर.

गेटवर रजिस्ट्रेशन फॉर्म ठेवला होता आणि त्यावर खाली साध्या मराठीत, साध्या टायपात छापलं होतं की इथे एका व्यंगात्मक माहितीपटाचं शूटिंग चालू आहे, हा महोत्सव त्या माहितीपटाचा भाग आहे, तुमची हरकत नसेल तर सही करा. त्रेसष्ट जणांनी सही केली. वाचलं एका बाईंनी, निवृत्त शिक्षिका असाव्यात, त्यांनी चष्मा वर करून आमच्याकडे बघितलं, हसल्या, सही केली आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. कायद्याने आम्ही सेफ होतो असं बातमीदार म्हणाला. कायद्याचं जाऊ दे, मनातून आम्हाला पक्कं माहीत होतं की लोक वाचणार नाहीत आणि त्या न वाचण्यावरच आपलं शूट उभं आहे.

मग सगळं झालं. समई (यावेळी फॅन बंद), नटराज, शाली, श्रीफळं, गळ्यात पट्टे, स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स, आणि तो फ्लेक्स आम्ही मुद्दाम पडद्यावर बांधला होता, म्हणजे ज्यावर पिच्चर दिसायचा तो पडदाच झाकलेला. चार तास कार्यक्रम चालला. दोनदा चहा, एकदा पोहे, शेवटी जिलेबी. खर्चाचं सांगतो, एकूण अडतीस हजार चारशे, त्यातले कॅमेरा, साउंड, पेट्रोल असे खऱ्या शूटिंगचे सहा हजार, बाकी सगळे शाल, ट्रॉफी, फ्लेक्स, पट्टे आणि जिलेबी. हे मी एडिटरला सहज दाखवलं तर त्याने तो एक्सेलचा स्क्रीनशॉटच माहितीपटात घातला, आणि मला विचाराल तर संपूर्ण एकतीस मिनिटांत तोच सगळ्यात झोंबणारा शॉट आहे.

बातमीदाराचं काम होतं मिडियाचं. त्याने जुन्या माइकला एका काल्पनिक चॅनलचा डबा लावला आणि बाहेर पडणाऱ्या लोकांना एकच प्रश्न विचारला, "महोत्सवातला तुम्हाला सगळ्यात आवडलेला चित्रपट कोणता?" चौदा जणांना विचारलं. अकरा जणांनी उत्तर दिलं! एक म्हणाला सगळेच दर्जेदार होते, एकीने सांगितलं की ग्रामीण विषयावरचा फार भिडला, आणि सिडकोतल्या एका सांस्कृतिक मंडळाचे एक काका, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पांढरा झब्बा, त्यांनी जरा विचार करून, घसा साफ करून सांगितलं, "तसे सगळेच छान होते, पण दुसरा जरा जास्त मनाला भिडला." हा शॉट सतराव्या मिनिटाला आहे. ज्यांनी ज्यांनी बघितला ते इथे फुटतात.

पिच्चरबद्दल पूर्ण दिवसात एकाच माणसाने विचारलं, डेकोरेटरकडचा केबल ओढणारा पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल. सगळं आवरताना तो फ्लेक्स सोडवायला शिडीवर चढला, मागे पडदा दिसला, आणि वरूनच म्हणाला, "दादा, पिच्चर कधी लावणार?" माहितीपट तिथेच संपतो.

सुरुवात मात्र पांडवलेण्याच्या पायथ्याशी, फाळके स्मारकापाशी होते. नाशिकमधे सिनेमावर काही करायचं आणि दादासाहेबांना नमस्कार करायचा नाही असं होत नाही, जन्म इथला त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०, आणि शेवटही नाशिकातच, १६ फेब्रुवारी १९४४. शिवाय मला ते फार आवडतं की त्यांनी १९१७ मधे चित्रपट कसा बनतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म स्वतःच काढली होती, म्हणजे सिनेमाबद्दलचा सिनेमा ही काय आमची नवी टूम नाही. व्हॉइसओव्हर मीच लिहिला, त्यात एक वाक्य होतं की 'राजा हरिश्चंद्र'चा पहिला खेळ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात झाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता फेस्टिवलचा भाग. एडिट जूनमधे लॉक झाला आणि मी सबमिशन सुरू केली, एकूण सतरा ठिकाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की हल्ली सगळं ऑनलाइन असतं, वेबसाइटवर फिल्मची लिंक, पोस्टर, सारांश एकदा भरायचं आणि मग दुकानात सामान उचलावं तसे फेस्टिवल निवडून डॉलरमधे फी भरत जायचं, कार्डाचा चार्ज वर वेगळा. माझी टोटल एकवीस हजाराच्या आसपास गेली. शूटिंगच्या साडेतीन पट!

या सतरात दोन वेगळ्याच जाती आहेत आणि बाहेरच्या माणसाला त्या एकसारख्याच दिसतात, घोळ इथेच आहे. खऱ्या फेस्टिवलला गाव असतं, तारीख असते, हॉल असतो, कोण निवडतंय त्यांची नावं असतात आणि कुठली फिल्म कुठल्या दिवशी किती वाजता लागणार याचा कागद असतो. व्हेनिस १९३२ पासून आहे, कान्स १९४६ पासून, बर्लिन १९५१ पासून. आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ मधे मुंबईत झाला, तोच आता २००४ पासून गोव्यात असतो, डॉक्युमेंटरीवाल्यांसाठी मुंबईचा मिफ १९९० पासून दर दोन वर्षांनी, पुण्याचा पिफ २००२ पासून. इथे तुमची फिल्म घेतली तर अंधारात अनोळखी माणसं बसून ती बघतात. दुसरी जात म्हणजे मासिक बक्षिसं. दर महिन्याला नवा निकाल, साठ-सत्तर कॅटेगरी, हॉल नाही, पडदा नाही, नाव मात्र कुठल्यातरी युरोपातल्या शहराचं. फी भरली की महिन्याभरात सोनेरी पानांच्या दोन डहाळ्या येतात, मधे लिहिलेलं असतं की तुम्ही जिंकलात, ती पोस्टरवर चिकटवायची. सर्टिफिकेटची पीडीएफ फुकट, ट्रॉफी हवी तर दीडशे डॉलर, कुरिअर वेगळं. तशीच ट्रॉफी मेनरोडला साडेतीनशेला मिळते, आम्ही पौषात सहा घेतलेल्या.

अर्थात मोठ्या ठिकाणी सगळं सोवळंच असतं असंही नाही. १९४६ ला कान्समधे सर्वोच्च पारितोषिक एकदम अकरा चित्रपटांना वाटून दिलं होतं, त्यातला एक चेतन आनंदांचा 'नीचा नगर', आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच, पण अकरा हा आकडा कोणी सांगत नाही. आणि कान्सला मुख्य स्पर्धा वेगळी आणि १९५९ पासून चालू असलेला बाजार वेगळा, बाजारात पैसे भरून स्क्रीनिंगचा स्लॉट मिळतो, विक्रीसाठीच असतो तो, त्यात वाईट काही नाही. पण घरी परत आल्यावर त्याचं "कान्समध्ये निवड" होतं आणि बातमीदाराला दोन्हीतला फरक विचारायला सुचत नाही, किंवा सुचलं तरी पान सुटायची वेळ झालेली असते.

आमच्या फिल्मला पहिला निकाल अशाच एका मासिक बक्षिसवाल्याकडून आला, जिथे मी सगळ्यात आधी पाठवली होती. सव्विसाव्या दिवशी मेल, सर्वोत्कृष्ट माहितीपट. मी लगेच व्हिमिओचे, म्हणजे ज्या व्हिडिओ साइटवर फिल्म ठेवली होती तिचे, आकडे उघडले कारण तिथे लिंक किती वेळा चालली, कुठून चालली, किती मिनिटं चालली सगळं दिसतं. सव्वीस दिवसांत एकूण चार प्ले. चारही नाशिकचे. म्हणजे आम्हीच, आवाज चेक करताना.

खरं सांगतो, मी ऑफिसात डिस्पॅचच्या टेबलवर एकटाच इतका हसलो की सुपरवायझर विचारायला आला.

पुढच्या महिन्यांत मोठ्या पाच जणांकडून नकार आले, पाचही साचेबंद, "यंदा प्रवेशिका खूप होत्या" वगैरे. पण त्यांचे आकडे वेगळे होते, कोणी चार मिनिटं बघितली होती, कोणी सहा, आणि एका ठिकाणी एकाने पूर्ण एकतीस मिनिटं बघून मग नाही म्हणलं. त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला तो त्या सोनेरी डहाळीबद्दल कधी वाटला नाही. चार मिनिटांत बंद करणाऱ्याचाही राग नाही, आमची पहिली चार मिनिटं खरंच संथ आहेत, पांडवलेण्यावरचा ड्रोन जरा जास्त फिरवलाय, वेडिंगची सवय.

सर्टिफिकेटवर देश इंडोनेशिया लिहून आला होता. ती चूक त्यांची नाही, माझी, यादीत इंडियाच्या लगेच खाली इंडोनेशिया येतं आणि रात्री एक वाजता माझं बोट घसरलं. ही एवढीशी गोष्ट पुढे काय काय करून गेली ते बघा.

चौघांत चर्चा झाली की याचं करायचं काय. बातमीदार म्हणाला आपला माहितीपट मिडियावर आहे ना, मग याचीच प्रेसनोट काढू आणि काय होतं ते बघू. त्याने अर्ध्या तासात लिहिली, सगळे ठेवणीतले शब्द घालून, शिरपेचात मानाचा तुरा, सातासमुद्रापार झेंडा, नाशिकचे भूमिपुत्र. आणि मधे, तिसऱ्या परिच्छेदात, एक वाक्य पेरलं, "परीक्षकांनी चित्रपट न पाहताच त्याची एकमताने निवड केली." म्हणाला हे छापून आलं तर आपण जिंकलो, आणि कोणी फोन करून विचारलं की हे काय आहे तर पत्रकारिता जिंकली.

फोन कोणाचा आला नाही. तिसऱ्या दिवशी एका पेपरात सिटी पानावर दोन कॉलम, आमच्या चौघांचा गोदाघाटावरचा फोटो, आणि हेडिंग, नाशिकच्या तरुणांचा माहितीपट इंडोनेशियात अव्वल. प्रेसनोटबरोबर सर्टिफिकेट जोडलं होतं, कोणीतरी ते प्रामाणिकपणे वाचलं, देश इंडोनेशिया बघितला आणि फेस्टिवल तिथेच झाला असणार असं धरलं. आणि ते पेरलेलं वाक्य? ते आलं होतं. असं, "परीक्षकांनी त्याची एकमताने निवड केली."

तीनच शब्द गायब होते. चित्रपट, न, पाहताच.

दुपारपर्यंत दोन पोर्टलवर तीच बातमी, एकाने "इंडोनेशियातील प्रतिष्ठेच्या" केलं, दुसऱ्याने "इंडोनेशिया सरकारकडून गौरव". संध्याकाळी एका यूट्यूब चॅनलवर आमच्या फोटोवर देशभक्तीचं म्युझिक. आईला तिच्या भजनी मंडळात कोणी विचारलं की मुलगा विमानाने गेला होता का, आणि ती हो म्हणाली. घरी येऊन मला म्हणते, "अरे आता तेवढ्यासाठी कुठे नाही म्हणत बसू."

आम्ही त्या रात्री खूप खूश होतो, कॉलेज रोडला बसून कात्रणाचे फोटो काढत होतो, दुसरा भाग काढायचं ठरत होतं. फक्त बातमीदार जरा गप्प होता. तो म्हणाला, "बघ ना भो, ज्याने ते शब्द कापले त्याने नोट वाचलीये. नुसती वरवर वाचली असती तर वाक्य जसंच्या तसं गेलं असतं." तो स्वतः चार वर्षं ते काम करत होता, रोज संध्याकाळी तीस-चाळीस प्रेसनोटा, वाढदिवस, वृक्षारोपण, गुणगौरव, आणि माणसं दोन. अशात "चित्रपट न पाहताच" दिसलं तर डोकं काय म्हणणार? टायपिंगची चूक आहे, नीट करून टाकू. वाक्य नीट झालं, आणि त्यातला एकुलता एक खरा भाग गेला.

मला वाटतं या प्रकरणाची मेख इथे आहे. आमचा माहितीपट असं धरून चालतो की ही सगळी मंडळी ढोंगी आहेत. प्रत्यक्षात साखळीतला प्रत्येक माणूस आपल्या पुढ्यातला कागद बऱ्यापैकी नीट करत होता, सर्टिफिकेटवाल्याने मी भरलं ते छापलं, डेस्कवाल्याने वाक्य सुधारलं, पोर्टलवाल्याने त्याला जरा मीठमसाला लावला. फिल्म उघडणं हे फक्त कोणाच्याच कामात बसत नव्हतं. आणि आम्ही? त्रेसष्ट फॉर्म आम्ही तरी कुठे कोणाला वाचून दाखवले.

मग सत्कार. सिडकोतल्या एका मंडळाने बोलावलं आणि स्टेजवर जाऊन बघतो तर अध्यक्षस्थानी पांढरा झब्बा, "दुसरा जरा जास्त भिडला" वाले काका. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं, केवढ्या प्रेमाने, माइकवर सांगितलं की हीच ती मुलं ज्यांनी पौषातल्या थंडीत आपल्या शहरात एवढा मोठा महोत्सव भरवला आणि आज त्यांच्याच कलाकृतीला परदेशात मान मिळतोय. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी छापलेलं, "माहितीपटाचे प्रदर्शन". म्हणजे काका पहिल्या रांगेत बसून सतराव्या मिनिटाला स्वतःला बघणार होते, दोनशे माणसांसमोर, आणि ती दोनशे माणसं फुटणार होती.

माझ्या पोटात गोळा. वेडिंगवाला कानात म्हणाला केबल खराब आहे सांगू का. सांगायची गरज पडली नाही, केबल खरंच लागेना, लॅपटॉप प्रोजेक्टरला ओळखेना, अर्धा तास गेला, तोवर शाल, श्रीफळ, मनोगतं. नऊ वीसला एकदाचा पिच्चर लागला. तिसऱ्या मिनिटाला काकांना दुसऱ्या कार्यक्रमाचा फोन आला आणि ते आम्हाला हात जोडून निघून गेले. बाराव्या मिनिटाला मागे कचोरीचा वास आला, कोणीतरी लाइट लावले, आणि आटोपलं. आमची फिल्म आमच्याच फिल्मसारखी संपली, हा विनोद तेव्हा एडिटरने केला पण हसलं कोणी नाही. आम्ही सुटलो होतो, आणि सुटल्याचा आनंद होत होता याचीच लाज वाटत होती.

त्यानंतर मी आठवडाभर आकडे बघितलेच नाहीत. बघितले तेव्हा बातमीनंतरचे एक्केचाळीस प्ले दिसले, बातमीदाराने प्रेसनोटच्या तळाशी लिंक आणि पासवर्ड दिला होता तो फिरत फिरत गेलेला. बहुतेक दीड-दोन मिनिटांचे. एक मात्र नाशिकचाच, पूर्ण एकतीस मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी परत पूर्ण एकतीस.

तो फोन नंतर आला, रात्री साडेअकराला, बातमीदाराकडून माझा नंबर घेऊन. पेपरच्या डेस्कवरचे एक उपसंपादक, आवाजावरून पन्नाशीचे. म्हणाले, "ते तीन शब्द मीच कापले. नंतर पान गेल्यावर डोक्यात राहिलं की चूक असती तर न एवढाच चुकीने पडला असता, पाहताच कसं पडेल? म्हणून लिंक उघडली." मी सॉरी म्हणायला लागलो तर ते म्हणाले ते जाऊ द्या, दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली. "तुमच्या व्हॉइसओव्हरमधे ३ मे ला पहिला खेळ झाला म्हणलंय. तिकीट काढून येणाऱ्यांसाठी पहिला. त्याच्या आधी २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता, आणि त्यात पेपरांचे संपादक होते. म्हणजे साहेब, या देशातला पहिला पिच्चर सगळ्यात आधी बघितला त्यात आमचे लोक होते. तुम्ही आमच्यावर फिल्म काढली आणि नेमकं तेवढं वगळलंत."

मी एक शब्द बोललो नाही. एकतीस मिनिटं आम्ही दुसऱ्यांनी न तपासलेल्या गोष्टींवर हसत होतो.

दुसरी. "त्या झब्ब्यातल्या गृहस्थांना दाखवलंत का?"

रविवारी आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा केला, चिवडा आला, आणि मी फोन टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. सतरावं मिनिट आलं. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत, थोडं पुढे वाकून बघत राहिले. मग पिच्चर थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं रे एकही दाखवला नाही ते. मी वाट बघत होतो. पण माइक तोंडासमोर आला आणि वाटलं आपल्यालाच कळलं नसेल, मधे आपला डोळा लागला असेल, नाही म्हणलं तर तुम्हा पोरांचा एवढा कार्यक्रम, वाईट दिसेल." काकू आतून म्हणाल्या, "घरी येऊन मला पण सांगितलं होतं, पिच्चर काही लागला नाही म्हणून."

वेडिंगवाल्याने विचारलं, काका, काढून टाकू का तो शॉट? तो असं विचारेल असं आम्हाला वाटलं नव्हतं, कारण त्या शॉटवर त्याचा फार जीव. काका बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले. मग पुन्हा सुरू कर म्हणाले, शेवटपर्यंत बघितला, केबलवाल्या पोराच्या वाक्याला मोठ्याने हसले, आणि म्हणाले राहू दे, खरंच बोललोय ना मी, राहू दे. फक्त खाली माझ्या नावापुढे माजी अध्यक्ष लिहिलंय ते चूक आहे, मार्चमधे मी परत निवडून आलोय.

त्याच रात्री एडिटरने फाइल उघडली. २१ एप्रिलचं वाक्य घातलं, त्यासाठी मला वेडिंगवाल्याच्या गाडीत काचा बंद करून व्हॉइसओव्हर परत रेकॉर्ड करावा लागला, त्यामुळे तिथे आवाज जरा वेगळा येतो. आणि काकांच्या नावापुढचं 'माजी' काढलं.